लिटरमागे एक किलोमीटर

ताईच्या धाकट्या भावाने आपल्या ट्रकची किल्ली परत मागितली ती गोदामाच्या फाटकात, दहा-बारा हमाल उभे असताना. नुसती मागून घेतली असती तरी चाललं असतं. पण किल्ली हातात पडल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "भाऊजी, डिझेल विकायचंच होतं तर मला सांगायचंत. मीच गिऱ्हाईक बघून दिलं असतं." दोन हमाल हसले. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, वय बावन्न, त्यातली तीस वर्षं स्टिअरिंगमागे घालवलेला माणूस. त्याने डबा उचलला आणि पायी घरी आला.

ताईला हे नवऱ्याकडून कळलं नाही. तो आला, हातपाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून पडला. कळलं ते एका हमालाच्या बायकोकडून. ती मुलीचा फ्रॉक शिवायला टाकायला आली होती आणि फ्रॉकपेक्षा बातमी मोठी घेऊन आली होती. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनची सुई कापडात रुतलेली तशीच ठेवून ती उठली आणि सख्ख्या भावाच्या घराकडे निघाली.

धाकटा अंगणात ट्रकखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. ताई त्या पायांशी जाऊन उभी राहिली.

"बाहेर ये."

"ताई, हात ग्रीसने भरलेत."

"तोंड भरलंय का? बाहेर ये म्हणते ना."

तो सरपटत बाहेर आला, हातात पाना. त्याच्या हातात पाना नाही असं गेल्या वीस वर्षांत फारसं कोणी बघितलेलं नाही. दुसऱ्याच्या हाताला आपली वस्तू लागू द्यायची नाही, हा त्याचा बाणा. घरातला पंखा त्याने स्वतः दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलटा फिरतो आणि वारा छताला लागतो. पाण्याची मोटार दुरुस्त केली, तेव्हापासून ती चालू करायला काठी लागते. बायको काही म्हणाली की तो म्हणतो, चालतंय ना? आणि खरंच, काहीतरी चालत असतंच. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला की याला इंजिन कळतं. ट्रक चालवायचा परवाना मात्र याच्याकडे नाही, परीक्षेत दोनदा आपटला. त्याला ट्रक फक्त खालून माहीत.

"तू त्यांना चोर म्हणालास?" ताईने विचारलं. "चारचौघांत? तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस तो."

"चोर नाही म्हणालो. डिझेलचं विचारलं."

"जीभ काय भाड्याने आणलीयेस? काय म्हणालास ते मला शब्दाशब्दाने कळलंय."

मग धाकटाही उसळला. त्याचं म्हणणं असं, की अकरा वर्षं या ट्रकने लिटरला आठ किलोमीटर दिले. ट्रक भाऊजींच्याच हातात होता, कधी तक्रार नव्हती. चार महिन्यांपूर्वी आठाचे सात झाले. त्याने आधी गाडीवर संशय घेतला, माणसावर नाही, हे ताईने लक्षात घ्यावं. एअर फिल्टर बदलला. डिझेल फवारणारे नोझल काढून साफ केले. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू थोडा फिरवला. इंजिन तापतं म्हणून त्याचं पाणी अडवणारा थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकला. ब्रेक सैल वाटले ते आवळले. एवढं करून सातावरून गाडी सहावर आली.

"सगळं केलं, ताई. एकूण एक गोष्ट मी माझ्या हाताने केली. आता गाडीत दुरुस्त करायचं काही उरलं नाही. उरला तो ड्रायव्हर."

"तू हात लावलास म्हणूनच सहावर आली, हे नाही का शिरत डोक्यात?"

"माझ्या हाताने गाडी बिघडते, आणि त्यांच्या हाताने टाकी रिकामी होत नाही? नवरा आहे म्हणून बोलतेस तू."

ताईने त्याच्या हातातला पाना हिसकावला आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला फेकला. बेचाळीस वर्षांच्या घोड्याला कानफटवता येत नाही, म्हणून पाना.

तिचा जीव कशासाठी तुटत होता ते सांगायला हवं. ड्रायव्हरच्या धंद्यात माणूस दारू पितो असं कानावर आलं तरी मालक एक वेळ ठेवून घेतो. डिझेल काढतो असं कानावर आलं की संपलं. गोदामागोदामात नाव पोचतं, आणि मग तीस वर्षांचा हात असला तरी कोणी स्टिअरिंग देत नाही. नवऱ्याला दुसरं काही येत नव्हतं. आणि स्वतःच्या बाजूने बोलणं तर मुळीच येत नव्हतं. तो मूग गिळून बसला होता. त्याचाही ताईला राग येत होता. अरे, ओरड की, खोटं आहे म्हणून!

दुसऱ्या दिवशी तिने धाकट्याला ट्रकसकट पंपवाल्या मिस्त्रीकडे नेलं. ट्रक चालवायला शेजारचा एक ड्रायव्हर घेतला, कारण नवरा यायला तयार नव्हता. मिस्त्री सत्तरीचा, बोलायला फटकळ, डिझेल पंपाच्या कामात मुरलेला. ट्रक शेडमध्ये आला तसा त्याने धुराकडे बघितलं, मागच्या चाकाच्या ब्रेकड्रमला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग रेडिएटरला हात लावला आणि तिथेच ठेवला.

"जिथे तापायला पाहिजे तिथे गार, आणि जिथे गार पाहिजे तिथे भाजतंय," तो म्हणाला. "कोणी हात लावलाय हिला?"

"मी," धाकटा म्हणाला. छाती जरा पुढे काढूनच म्हणाला.

"वॉल कुठाय?"

"काढला. गाडी तापू नये म्हणून."

"अहो, इंजिनाला थंडी वाजली की ते जास्त खातं. तापलं तरच डिझेल नीट जळतं त्यात. आणि ब्रेक एवढे आवळलेत की गाडी ब्रेक दाबूनच पळतेय. पंपाचा स्क्रू उघडून ठेवलाय, काळा धूर दिसत नाही तुम्हाला? गाडी चांगली आहे हो. मालकच तापतोय." शेडमधले दोघे-तिघे खो खो हसले. ताईला बरं वाटलं. फाटकातल्या हसण्याची थोडी फेड झाली.

दोन दिवस मिस्त्रीने काम केलं. वॉल नवा बसवला, ब्रेक सैल केले, स्क्रू जागेवर आणला. मग ताईने भावाला उभं केलं आणि वदवून घेतलं: एक आठवडा भाऊजी गाडी चालवतील, आठ आले तर त्याने पाय धरायचे. धाकटा म्हणाला, "धरीन. आणि नाही आले तर पुढच्या सोमवारी नवा ड्रायव्हर."

आठवडा गेला. धाकट्याने टाकी काठोकाठ भरून दिली होती, तशीच काठोकाठ भरून घेतली. सात आले. साडेसातही नाहीत. सात आणि वर जरासे.

यावेळी तो ओरडला नाही, तेच वाईट. ताईच्या घरी आला, पाणीसुद्धा न घेता दारात उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या चुका मी मान्य केल्या, ताई. मिस्त्रीने सगळ्या काढल्या. गाडी आता ठणठणीत आहे, तोच सांगतो. मग लिटरमागे एक किलोमीटर जातो कुठे? तूच सांग." नवरा आत जेवत होता. सगळं ऐकू येत होतं. त्याचा घास थांबला नाही, की चेहरा बदलला नाही.

 उत्तर नसलं की माणसाच्या मनात काय काय शिरतं! त्या संध्याकाळी नवऱ्याचा शर्ट धुवायला घेताना तिने खिसे तपासले. रोजच तपासते, कागद भिजू नयेत म्हणून. पण त्या दिवशी तिने शर्ट नाकाशी धरला. डिझेलचा वास होता. ड्रायव्हरच्या शर्टाला डिझेलचा वास नाही येणार तर काय अत्तराचा येणार? तरी ती शर्ट धरून उभी राहिली आणि हिशोब करत राहिली, की वास नेहमीएवढाच आहे की जास्त. मग तिला स्वतःची किळस आली आणि तिने शर्ट पाण्यात असा आपटला की बटण तुटलं. भावाचा राग आता दुप्पट झाला. तिच्या घरात हे जे शिरलं होतं ते त्यानेच आणून सोडलं होतं.

शनिवारी तिच्या कामाचाच घोटाळा झाला. एका कारखान्याच्या कामगारांच्या तीस पँटी तिने शिवून दिल्या होत्या. त्या सगळ्या परत आल्या, एक इंच लांब आहेत म्हणून. सोबत आलेला सुपरवायझर तोंड वर करून बोलायला लागला. ताई आधीच पेटलेली. "माझं माप तीस वर्षांत चुकलेलं नाही," ती म्हणाली, गळ्यातला टेप काढला आणि त्याच्यादेखत पँट मोजली. बरोब्बर चाळीस. "दिसतंय का?" सुपरवायझरने खिशातून आपला टेप काढला, लोखंडी पट्टीचा. एक्केचाळीस. तिने दोन्ही टेप शेजारी शेजारी धरले. तिचा टेप कापडी, सहा वर्षं गळ्यात, रोज शंभरदा ओढलेला. ताणला होता. चाळिसाचा आकडा दुसऱ्या टेपच्या एक्केचाळिसाशी येऊन उभा होता.

सुपरवायझर बडबडत राहिला. ताईला काही ऐकू येत नव्हतं. कापड एक्केचाळीस होतं आणि टेप चाळीस म्हणत होता. कापड कोणी चोरलं नव्हतं. टेप कमी सांगत होता.

तिने नवऱ्याला जाता-जाता विचारावं तसं विचारलं, "अहो, त्या ट्रकचं किलोमीटरचं मीटर नीट चालतं का?"

"चालतं. मध्ये महिनाभर बंद होतं. तुझ्या भावाने चालू केलं."

"कधी?"

"झाले चार-एक महिने." तो पुन्हा भिंतीकडे वळला. ट्रकचा विषयच त्याला नको होता.

चार महिने! गाडी आठावरून सातावर आली तीही तेव्हाच. पण हातात पुरावा येईपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर धाकटा उडवून लावेल, असं तिने ठरवलं. हे झालं सांगण्यासारखं कारण. न सांगण्यासारखंही एक होतं. समजा मीटर बरोबर निघालं तर? तर मग तिला नवऱ्याच्या शेजारी बसून बघायचं होतं, गाडी कुठे कुठे थांबते ते.

ती भावाकडे गेली. "उद्या एक फेरी. ते चालवतील, मी शेजारी बसते."

"बस की," धाकटा म्हणाला. "मी तेच म्हणतो. तुझ्याच डोळ्यांनी बघ."

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, उद्या मी येतेय ट्रकवर. त्याने तिच्याकडे बघितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ती कधी ट्रकमध्ये बसली नव्हती. "ये," तो म्हणाला.

सकाळी सातला निघाले. शहराबाहेर पहिला किलोमीटरचा दगड आला तिथे ताईने मीटरचा आकडा वहीत लिहिला आणि मग प्रत्येक दगडाला एक रेघ मारायला लागली.  नवरा गाडी कशी चालवतो ते तिने पहिल्यांदाच बघितलं. चढ यायच्या आधीच वेग धरायचा, उतारावर उगाच दाबायचा नाही, ब्रेकला पाय लावायचा तो शेवटचा उपाय म्हणून. गिअर पडलेला कळायचाही नाही. या माणसाच्या हातात गाडी जास्त खाईल? ताईला भावाचा इतका संताप आला की एक दगड सुटता सुटता राहिला. वाटेत गाडी दोनदा थांबली, एकदा मालाचे दोरखंड बघायला, एकदा चहाला. दोन्ही वेळा ती खाली उतरली आणि टाकीच्या बाजूला उभी राहिली. दोन्ही वेळा तिने वेळ वहीत लिहिली. नवऱ्याने बघितलं. बघून पुढे रस्त्याकडे नजर लावली.

नव्वदाव्या दगडापाशी तिने गाडी थांबवायला सांगितली. मीटरवरचा आकडा बघितला, वजाबाकी केली, पुन्हा केली. ऐंशी.

"ऐंशी!" ती ओरडलीच. "नव्वद दगड, आणि हा मेला ऐंशी म्हणतोय! अहो, तुम्ही आठच देताय, मीटर सात सांगतंय! कळलं का?"

नवरा मीटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणून आलीस होय तू." आणि गाडी सुरू केली.

तिला वाटलं, त्याचा ऊर भरून आलाय.

माल उतरवून परतल्यावर गाडी सरळ मिस्त्रीच्या शेडमध्ये लागली. धाकट्याला फोन करून बोलावलं. मिस्त्री गाडीखाली गेला, गिअरबॉक्सपाशी मीटरची केबल सोडवली आणि तिच्या मुळाशी असलेलं एक छोटं, पांढरं, प्लास्टिकचं दातेरी चाक काढून आणलं. अंगठ्याच्या नखाने दाते मोजले. मग ते धाकट्याच्या हातावर ठेवलं. "मोजा."

धाकट्याने मोजले. "अठरा."

"या गाडीला सोळा दात्यांचं लागतं. कुठनं आणलंत?"

"भंगारवाल्याकडून. जुनं झिजलं होतं. हे अगदी बरोबर बसलं."

"बसलं," मिस्त्री म्हणाला. "बसेल ते सगळं चालत असतं होय? दाते जास्त म्हणजे चाक हळू फिरणार, आणि मीटर कमी सांगणार. गाडीला काही झालंच नव्हतं, मालक. पहिल्या दिवसापासून नव्हतं झालं. चांगल्या गाडीला तुम्ही चार महिने औषध पाजत होता."

धाकट्याचा चेहरा उतरला. ताईला तेवढ्याने भागणार नव्हतं. तिने त्याचा दंड धरला, गल्लीभर लोक बघत असताना त्याला फरफटत गोदामाच्या फाटकापर्यंत नेलं, नवऱ्यालाही मागून यायला लावलं आणि हमालांना हाका मारून गोळा केलं.

"आता बोल. त्या दिवशी मोठा आवाज होता ना? तेवढ्याच आवाजात बोल."

"चूक माझी होती," धाकटा म्हणाला.

"ऐकू नाही आलं!"

"मीटर मी चुकीचं बसवलं. भाऊजींनी डिझेलच्या थेंबाला हात लावलेला नाही." त्याचे डोळे भरले होते. तो वाकला आणि हमालांदेखत त्याने भाऊजींचे पाय धरले. मग उठून, शेडमध्ये परत घेतलेली किल्ली पुढे केली. नवऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, किल्ली घेतली, "असू दे," म्हणाला. एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता.

ताई घरी आली ती लढाई मारल्यासारखी. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली होती. स्टोव्ह पेटवला, कांदा चिरायला घेतला आणि बोलत सुटली. कसा बघत होता हमालांकडे, मिस्त्रीने कसं सुनावलं, उद्यापासून पानाच काढून घेते की नाही बघा त्याचा. नवरा दारापाशी खुर्चीवर बसला होता. तिच्या लक्षात आलं की बराच वेळ ती एकटीच बोलतेय.

"अहो, बोला की काहीतरी. सुटलात तुम्ही!"

"धाकट्याचं मला काही वाटलं नाही," नवरा म्हणाला. "त्याची गाडी आहे, त्याला संशय आला. एक विचारू?"

"विचारा ना."

"दगड ऐंशीच भरले असते तर?"

 पंधरा दिवस ती भावाला, मिस्त्रीला, सुपरवायझरला, सगळ्या जगाला तोंडावर उत्तरं देत आली होती. आताही तिने तोंड उघडलं. "तरी मी" इथपर्यंत शब्द आले आणि पुढचे येईनात, कारण समोरचा माणूस ट्रकच्या काचेतून रस्ता बघावा तसा सरळ तिच्याकडे बघत होता आणि त्याला खोटं सांगता येणार नव्हतं.

तो थांबला. खरंच थांबला, बराच वेळ, तिने काहीतरी म्हणावं म्हणून. मग चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेला.

ताईने स्टोव्ह बंद केला आणि तिथेच बसून राहिली.